मायच्या शेजारची जागा

आमच्यात मानूस मेल्यावर जाळत न्हाईत, माती देतात. कपाळाला इभूत लावायची, बेल वाहायचा, जंगमानं मंतर म्हनायचा, अन् खड्ड्यात मांडी घालून बसवायचं. ज्याला वावर हाय त्यो आपल्या वावरात बसतो. महा बाप बिलोलीकडं आमच्या वावरात चिंचंखाली हाय. माय त्याच्या बाजूला.

महं सासर बिनवावराचं. नवरा धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची पोती उचलायचा. त्यो गेला तवा त्याच्या गावी न्हेलं, पर जागा कोन देनार? एकानं बांध दाखवला, तर त्याच्या पोरानं वाटंतच आडवलं. मनला, "आज माती द्याल, उद्या दगड लावाल, परवा मनाल वावर आमचं." शेवटी ओढ्याच्या काठाला बसवलं. पुढच्या पावसाळ्यात ओढा आला अन् काठच घेऊन गेला. मी बघून आले. बाभळी अन् गाळ, दुसरं काय न्हाई. तवापासून एकच डोक्यात बसलं, आपली माती मायच्या शेजारी व्हावी.

माय गेली तसं सातबाऱ्यावर भावाच्या संगं महं बी नाव लागलं. कायदाच हाय मने, लेकीचा बी वाटा. मी काय मागायला गेले नव्हते. पर भावाला नाल्याकडचा तुकडा इकायचा व्हता, अन् मह्या सहीबिगर इकता येईना.

भाऊ मह्याहून धाकटा. दरसाल पंचमीला मला न्यायला त्योच मुराळी यायचा. या बारीला पंचमी नसताना आला, संगं भावजय.

"आक्का, हक्कसोड करून दे."

"मला वावर नगं रं. चिंचंखाली बसायपुरती जागा ठिव मला."

भावजय हसली. "आक्का आत्तापासूनच बसायची तयारी करून राहिल्या! च्या तरी घिऊ द्या आमाला."

"घे की. च्याला कुठं सही लागती."

भाऊ हसला न्हाई. त्यानं महा हात धरला. "आक्का, तुही माती मी करीन. मायची शपथ."

मही लेक आतून मनली, "आई, लिवून घे त्याच्याकडून." मी तिलाच दटावलं. भावाकडून काय लिवून घ्यायचं? अन् मायची शपथ घेतल्यावर माय कुठं हाय ते त्याला म्हाईत न्हाई का?

रजिस्ट्रीला साहेब मनला, "आजी, खुशीनं सोडून राहिल्या ना? कुनाचा दबाव न्हाई ना?"

मी मनलं, "हाव, खुशीनं."

दुसरीतून शाळा सुटली मही, पर नाव लिवता येतं. लिवलं. भाईर बाकड्यावर भावजयीनं मह्या मांडीवर लुगडं ठिवलं. बहिनीनं हक्क सोडला की लुगडं करत्यात आमच्याकडं.

त्या सालच्या पंचमीला मुराळी आला न्हाई. वाट बघितली अन् यष्टीनं एकलीच गेले. वावरापाशी उतरले तर चिंच न्हाई. तारंचं कुंपन, आत चुन्याच्या रेघा, प्लॉट पाडलेले. नाल्याकडचा तुकडा मनला व्हता, सगळंच इकलं. मी तारंला धरून उभी राहिले. माय कोनत्या रेघंत आली ते बी वळखू येईना.

भावाच्या दारात गेले. "आरं, मह्या मातीचं बोलला व्हतास ना?"

त्यो खाली बघून मनला, "आक्का, माती करीन मनलो व्हतो, करीनच. कुठं करीन ते कवा मनलो?"

खरंच हाय. तेवढंच मनला व्हता त्यो. बाकीचं मीच ऐकलं.

"अन् माय-बापाचं?"

"मशीन लावली त्या प्लॉटवाल्यांनी," मनला. भावजय तवर आत जाऊन भांडी घासाया लागली व्हती. मी पानी पेले न्हाई, वापस फिरले.

आता धर्माबादलाच लेकीपाशी हाय, किरायाच्या खोलीत. ते लुगडं पेटीत घडी मोडली न्हाई तसंच पडलंय. बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. मी लेकीला सांगून ठिवलंय, ते घालू नको. कुठं न्यायचं ते तूच बघ, फकस्त ओढ्याकडं नेऊ नको.

लेक मनती, "गप बस, जेव आधी."

जेवते. पर ती बी जागेचं काय बोलत न्हाई.