कपाटातले कोट

भर मे महिन्यात गजभारे सर हातावर लोकरीचा स्वेटर टाकून हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या आमच्या ऑफिसचा जिना उतरू लागले, की खालचा कापडवाला न चुकता विचारायचा, "क्यों साब, कश्मीर?" सर म्हणायचे, "नै मियाँ, सचिवालय." खरंच तो स्वेटर सचिवालयासाठीच होता. साहेब लोकांच्या बाहेरच्या खोलीत एसीखाली अर्धा अर्धा दिवस बसावं लागे, आणि सरांना सर्दी लवकर व्हायची. पण तिथून आम्ही शहराबाहेर, आमच्या एखाद्या सभासदाच्या कोल्ड स्टोरेजला जायचो, जिथे खरोखर दात वाजतात, तिथे दाराशी पोहोचताच सर स्वेटर काढून गाडीत ठेवायचे आणि नुसत्या शर्टावर आत शिरायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं काहीतरी उलटं आहे.

आमची संघटना शीतगृहांच्या मालकांची. मिरची, चिंच, हळद पोत्यांत भरून थंड खोल्यांत ठेवणारे हे लोक. त्यांच्या मागण्या घेऊन सरकारदरबारी खेटे घालायचे, हे गजभारे सरांचं काम आणि त्या मागण्या नीट इंग्रजीत लिहून द्यायच्या हे माझं. मी बरकतपुऱ्यातली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळे सरकारी नोकर, त्यामुळे सरकारकडे काही मागायला जाणाऱ्या नोकरीची वडिलांना लाजच वाटे. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "तुझे वडील टेबलाच्या त्या बाजूला बसले, अम्मा. आपण या बाजूला. खुर्ची दोन्हीकडे कडकच असते." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला अम्माच म्हणायचे. नांदेडकडचं घर, पण जन्म सिकंदराबादचा, त्यामुळे त्यांच्या मराठीत तेलुगू आणि दख्खनी दोन्ही मुक्कामाला असत.

मुख्य मागणी विजेची होती. शीतगृहाला वीज शेतीच्या दराने द्यावी की कारखान्याच्या, हा वाद मी लागले तेव्हाच म्हातारा झाला होता. एक साहेब म्हणायचे, मिरची शेतातून निघाली की शेती संपली. त्यांना समजावून समजावून जरा कुठे वळवावं, तोवर त्यांची बदली. मग नवे साहेब, नवा चहा आणि शीतगृह म्हणजे काय इथपासून सुरुवात. "साहेब बदलले की आपण परत पहिलीत," सर जिना उतरताना म्हणायचे. मी चिडले की म्हणायचे, "परेशान होऊ नको. सरकार कधी नाही म्हणत नाही. ‘पाहू’ म्हणतं. आपण त्यांना बघायला काहीतरी देत राहायचं."

सरांच्या प्रत्येक निवेदनात सगळ्यात शेवटी एक मागणी असे, जी कोणाही मालकाने सांगितलेली नव्हती. ज्या शीतगृहाला सरकारी अनुदान हवं, त्याने थंड खोलीत पोती वाहणाऱ्या हमालांना गरम कोट द्यावेत आणि अंग शेकायला एक खोली बांधावी, असा नियमच करा. आमचे अध्यक्ष मिरचीचे मोठे व्यापारी. ते वाचून हसायचे. "रहने दो गजभारे, अच्छा दिखता. वैसे भी वो लोगां काटतेच." आणि खरंच, दरवेळी सचिवालयात तेवढीच ओळ कापली जाई. मी एकदा विचारलं, सर, मग घालता कशाला? तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील सिकंदराबादला बर्फाच्या कारखान्यात लाद्या वाहायचे. पाठीवर एक गोणपाट, बाकी उघडे. "शेवटी शेवटी माझ्या बापाला हातातली भाकर गरम आहे का गार, तेच कळत नव्हतं, अम्मा. माय विचारायची, गरम देऊ का? बाप म्हणायचा, तूच सांग." एवढं बोलून ते पुढचा कागद वाचायला लागले. स्वेटर गाडीत का राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग राज्याचं नवं धोरण ठरायची वेळ आली आणि नशिबाने एक मॅडम आल्या, ज्या खरंच ऐकून घ्यायच्या. त्यांनी शेवटच्या मागणीवर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी लिहिलं?" सरांचे कान लाल झाले. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः येऊन बघते. त्या संध्याकाळी सर ऑफिसात आले ते पोरासारखे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अध्यक्षांनी भेटीच्या आदल्या दिवशी आपल्या कोल्ड स्टोरेजमधल्या हमालांसाठी निळे, जाड, कानटोपीवाले कोट मागवले. सरांनी एक कोट हातात धरून अस्तर चाचपून पाहिलं. "माणूस बदलतो ग," असं मला म्हणाले. त्यांना इतकं खूश मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

मॅडम आल्या. आत गेल्या. मिरचीच्या वासाने शिंकल्या. एका हमालाची बाही चिमटीत धरून "व्हेरी गुड" म्हणाल्या. आणि बाहेर येऊन, अंगावरची शाल सावरत, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कोट तर तुमच्याकडे आहेतच की. जे आहे त्याचा नियम कशाला? वीजदराचं मात्र मी नक्की करते." आणि त्यांनी ती शेवटची ओळ आपल्या पेनाने खोडली. सरांनी तोंड उघडलं. अध्यक्ष शेजारीच उभे होते. इतक्या वर्षांनी वीज हातात येत होती. सरांनी तोंड मिटलं.

परत येताना गाडीत सर म्हणाले, "कोट कालच आले, असं सांगितलं असतं तर वीजपण गेली असती. संघटनेचा पगार खातो मी." मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. त्याच संध्याकाळी कोट गोळा करून आमच्या ऑफिसच्या कपाटात आले. कामात वापरले तर खराब होतील, पुढच्या भेटीला लागतील, असा अध्यक्षांचा हुकूम. किल्ली सरांकडे. त्यानंतर कुणीही मोठा माणूस यायचा असला की कोट जायचे आणि रात्रीच्या आत परत यायचे.

निवृत्तीच्या दिवशी सरांचा सत्कार झाला. अध्यक्षांनी त्यांना शाल घातली, वीजदराचं श्रेय दिलं. जेवण आटोपल्यावर सरांनी कपाट उघडलं, सगळे कोट गाडीत भरले आणि मला घेऊन थेट अध्यक्षांचं कोल्ड स्टोरेज गाठलं. एकेकाच्या हातात कोट देत गेले. यादगिरी म्हणून सगळ्यांत म्हातारा हमाल होता, त्याने विचारलं, "आज कौन आ रैं साब?"

"कोई नै. तुम्हारेच हैं. रख लेव."

यादगिरीने मान डोलावली. सगळ्यांनी कोट घातले आणि कामाला लागले. सर बाहेर बाकावर बसून बघत होते. चेहऱ्यावर समाधान होतं, अध्यक्षांशी काय ते आपण निस्तरू, असं म्हणत होते. संध्याकाळी काम सुटलं. हमाल एकेक करत बाहेर आले, कोट काढले, झटकले, घडी घातली आणि सरांच्या शेजारी बाकावर थप्पी रचली. सर म्हणत राहिले, अरे घरी न्या, तुमचेच आहेत. यादगिरी समजुतीने हसला. "नक्को साब. कल कोई बडे लोगां आये तो? गिन लेव, पूरे हैं."

सरांनी मोजले नाहीत. अंगावरची सत्काराची शाल काढून मांडीवर घेतली आणि बसून राहिले. अंधार पडायला लागला तेव्हा म्हणाले, "चल अम्मा. गाडीत ठेवू." परतल्यावर कपाट मीच लावलं. त्यांनी किल्ली परत घेतली नाही.

गेल्या थंडीत सर गेले. हैदराबादची थंडी ती काय, पण छातीत कफ झाला आणि तेवढं पुरलं. त्यांच्या जागी आता मी सचिवालयात बसते. स्वेटर नेते.

परवा नवे साहेब कोल्ड स्टोरेज बघायला येणार आहेत. आज सकाळीच अध्यक्षांचा फोन आला, कोट काढून ठेवा म्हणून. किल्ली माझ्या पर्समध्येच होती, हाताला लागतही होती. मी म्हटलं, सर गेल्यापासून किल्ली कुठे सापडत नाही.