गाडीवरची केराबाई

लाभार्थीचे नाव : सौ. केराबाई बिरुदेव सरगर. वय : अंदाजे बेचाळीस. राहणार : सांगोल्याच्या दक्षिणेकडची एक वाडी, जिल्हा सोलापूर. व्यवसाय : शेळ्यामेंढ्या राखणे व घरकाम. लाभाचे स्वरूप : फिरत्या दवाखान्यात स्तनांची तपासणी. लाभानंतरची स्थिती : समाधानकारक.

हे वर्णन पंखे बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीच्या वार्षिक अहवालात, गुळगुळीत कागदावर छापलेलं आहे. कंपनी नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करते. त्यातून या भागातल्या शाळांना सूक्ष्मदर्शक मिळाले आणि वाड्यावस्त्यांना दर मंगळवारी येणारी दवाखान्याची गाडी. अहवालातलं नाव, गाव आणि शेळ्या बरोबर आहेत. तपासणी तेवढी झालेली नाही.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा केराबाई रांगेत सगळ्यांच्या पुढे होती. डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागत होती आणि ते तिनं कोणालाच, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. पायरीवर पाय ठेवणार तोच कंपनीच्या फोटोग्राफरनं तिला बाजूला बोलावलं. उजेड चांगला होता. चेहऱ्यावर सावली पडते म्हणून त्यानं पदर जरा मागे घ्यायला सांगितलं. पदर खांद्यावर आला. तेवढ्यात एका शेळीनं त्याच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा चघळायला घेतला आणि केराबाई सगळे दात दाखवून हसली. पुन्हा तसंच हसा म्हणून तो तासभर मागे लागला. ती काही पुन्हा तशी हसली नाही, आणि डॉक्टरीणबाईंची पुढच्या वाडीवर जायची वेळ झाली.

मग गाडी रंगवायला गेली ती दोन महिन्यांनीच परत आली. एका बाजूला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेली शाळकरी मुलगी. ती कुठली, हे कोणाला माहीत नाही. दुसऱ्या बाजूला गाडीच्या टपापर्यंत पोचलेली केराबाई, उघड्या डोक्यानं हसणारी, आणि खाली अक्षरं : ‘मी तपासून घेतलं. तुम्ही?’ पदर त्या मुलीच्याही डोक्यावर नव्हता, पण तिला सासरा नव्हता.

केराबाईला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी धुळा सरगरांसमोर त्यांच्या सुनेचं डोकं कधी उघडं पडलेलं नव्हतं. आणि गाडी वळायला जागा होती ती देवळासमोरच, जिथल्या कट्ट्यावर धुळाआबा बसत. आबा चित्र बघून वळले. देवळाच्या भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांच्या वयाचे बाकीचेही मग तसेच बसले. आबांच्या सुनेकडं टक लावून बघणं बरं दिसलं नसतं. दर मंगळवारी वाडीतली म्हातारी माणसं दवाखान्याकडं पाठ करून भिंतीशी गप्पा मारू लागली. मेंढरं घेऊन भीमाकाठी गेलेल्या नवऱ्याला, बिरुदेवाला, कोणीतरी मोबाईलवर फोटो पाठवला. घरात खूश झाला तो एवढाच.

केराबाई मंगळवारी माळावर निघून जायची. आपल्याच हसऱ्या तोंडाखालून, सासऱ्याच्या पाठीमागून, त्या पायऱ्या चढायच्या कशा? गाठ होती तिथंच होती.

शेवटी तिनं गाडीबरोबर येणाऱ्या काव्याला, म्हणजे कंपनीनं सोलापुरात नेमलेल्या मुलीला, चित्र पुसून टाकायला सांगितलं. काव्याला वाईट वाटलं. तिनं पुण्याला कळवलं. पुण्याचं उत्तर आलं, फोटोला बक्षीस मिळालेलं आहे. ताईंना सत्कारासाठी सोलापुरात घेऊन यावं.

काव्यानं सोलापूरच्या नव्या पेठेतून तिला कंपनीच्या रंगाची साडी घेऊन दिली. सभागृहात पहिल्या रांगेत धुळाआबा, फेटा बांधून. साहेबांनी माईक पुढे करून विचारलं, तपासणीनंतर आता कसं वाटतंय? खरं सांगायचं तर झाली नाही म्हणावं लागणार, मग का झाली नाही, मग कुठं दुखतंय, आणि समोर आबा.

“बरं हाय,” केराबाई म्हणाली.

टाळ्या झाल्या. फोटोही काढले, पण या खेपेला पदर इतका पुढे ओढलेला होता की त्यांत साडीच तेवढी आली.

त्यानंतर आसपासच्या वाड्यांवरच्या बायका येऊ लागल्या. केराबाईनं करून घेतलं, सोलापुरात सांगितलं, म्हणजे भ्यायचं कारण नाही. काव्यानं रांगेची जबाबदारी मानानं तिच्याकडं दिली. आता माळावर पळायचीही सोय राहिली नाही. ती बायकांची पोरं सांभाळायची, लाजणारीला आत ढकलायची. आत काही निघालं तर बाईला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवत, येण्याजाण्याचा खर्चही देत. गाडी आपलं काम चोख करत होती, हे नोंदवायला हवं.

एका मंगळवारी शेजारची बजाबाई तपासून खाली उतरली. म्हणाली, तुझं बरंय बाई, तू गाडीवर, आमी गाडीत. केराबाईनं हळूच विचारलं, आत काय करतात, लई दुखतं का?

बजाबाई पदर सारखा करता करता थांबली. “तुला म्हाईत न्हाय व्हय? पयली तूच की.”

केराबाई दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसत राहिली.

“केरा, तुझी झालीच न्हाय?”

“आता कुटल्या तोंडानं जाऊ? समद्यांम्होरं बोलून बसले.”

काही हाय का तुला, असं बजाबाईनं विचारलं, तसा केराबाईचा हात आपसूक डाव्या बाजूला गेला. तेवढं तिला पुरलं. ती तडक कट्ट्यावर गेली आणि भिंतीकडं तोंड केलेल्या धुळाआबांना काय ते सांगून आली. म्हातारा काठीला धरून उठेपर्यंत गाडी आवरून निघालेली होती.

त्या संध्याकाळी धुळाआबा दावणीच्या शेळीशी बोलले. सुनेशी असलं बोलायची रीत नाही.

“पुढल्या मंगळवारी आमी समदी म्हातारी माळावर जाणार हाय,” ते शेळीला म्हणाले. “कट्ट्यावर कोण असायचं न्हाय. गाडी आली की जायाचं. मी भितीकडं त्वांड करून बसलो, माझंच चुकलं.”

चुलीपुढं केराबाईची भाकरी करपली.

मंगळवारी म्हातारी माणसं शेळ्या हाकत माळावर गेली. केराबाई आवरून सकाळपासून देवळासमोर उभी राहिली, सोबतीला बजाबाई. ऊन कट्ट्यावरून भिंतीवर चढलं. रांगेसाठी आलेल्या बायका एकेक करून घरी गेल्या.

दुपारी काव्याला फोन लागला. गाडीच्या योजनेची मुदत एकतीस मार्चला संपली होती.