दोन बोटं कापड

शिंप्याच्या आरशासमोर बाबा नवा शर्ट घालून उभे होते. आईने नेहमीसारखा मापाला जुनाच शर्ट दिला होता, तरी हा दोन बोटं लांब दिसत होता. शिंप्याचं काही चुकलं नव्हतं. मणक्यांमधल्या गाद्या झिजून बाबाच तेवढे कमी झाले होते. "सुईने आत नव्या पेशी सोडल्या तर गादी पुन्हा भरून येते का, याचे प्रयोग चाललेत," डॉक्टर म्हणाले होते, "पण अजून खात्री नाही."

मला माझा शाळेचा निळा स्कर्ट आठवला. दर जूनमध्ये आई त्याची कड उसवायची आणि आतून कोरी, गडद पट्टी निघायची. तेव्हा माझ्या वाढण्याची सगळ्यांना केवढी खात्री होती!

"खालून कापतो," शिंपी म्हणाला.

आई बाबांच्या पाठीकडे बघत होती.

"कापू नका," ती म्हणाली. "आत दुमडून ठेवा."