कापसात हरवलेला हात

२०२२ साल होतं. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. उजवा हात खांद्यापर्यंत कापसाच्या गाडीत खुपसलेला होता, अन् आत माझा हात नव्हता.

म्हणजे होता. खांदा दिसत होता. पण मनगटाच्या पुढं काहीच नाही. कापूस लागत नव्हता, ओल लागत नव्हती. जसं कोणी आतल्या आत माझा पंजा काढून घेतला.

मी घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. शेतकरी गाडी घेऊन फाटकात येतो, ग्रेडर आत हात घालून माल कसा आहे ते सांगतो. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढराशुभ्र. खरं काय ते आत असते. ओला आहे का, किडका दाबला आहे का, पत्रा-गोटा आला आहे का, सगळं बोटाला कळते. पत्रा मशीनमध्ये गेला तर ठिणगी उडते अन् कापसाची गंजी पेटते. मी शाळा शिकलो दुसरीपर्यंत, पण माझ्या बोटानं दिलेली ग्रेड शेठनंही कधी बदलली नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

"काय बुवा, झोप लागली का आत?" गाडीवाला हसला.

मी हात बाहेर काढला. त्याचं हसू तिथंच थांबलं. तळवा चिरला होता. पांढऱ्या कापसावर लाल पट्टा उमटला होता. आत पत्रा होता, अन् तो मला सापडला नव्हता. मी त्याला सापडलो होतो. दुसऱ्याच्या हातातून रक्त गळावं तसा मी पाहत राहिलो.

"बाप्पा! दुखून नाई राह्यलं का तुमाले?"

"मले असं दुखत नसते," मी आवाज चढवून म्हणालो.

पण खूण ही पहिली नव्हती. पायाला मुंग्या चढायच्या, पाहिलं तर एक मुंगी नाही. एकदा घरी पोचलो तर बुढी, माझी बायको, म्हणे, "दुसरी चप्पल कुठी टाकली?" चप्पल कुठं सुटली ते पायाला माहीतच नव्हतं. नळावर तोंड धुताना डोळे मिटले की जमीन बाजूला सरकायची. गंजीच्या आडोशाला तर फारच वाईट वाटायचं. कापूस आवाज खातो. तिथं स्वतःचं पाऊल ऐकू येत नाही. मला ते ऐकूही येईना अन् जाणवेना. मी चालतो आहे की कोणी मला नेते आहे, समजत नव्हतं.

गंजीवर कापूस पसरवणारी गिरजाबाई माझ्याच वयाची. हातावर चिंधी बांधता बांधता म्हणाली, "त्या गंजीत मागं माणूस दबून मेला ना, बुवा. थो तुमचा हात मागून राह्यला. नारळ फोडा एक."

"मेलेला माणूस ग्रेड पाहून काय करन व?"

"मंग हात काहून चिरला तुमाले न सांगता?"

मी चिंधीची गाठ दातानं ओढून घट्ट केली.

शेठ आले. "दौलतभाऊ, दवाखान्यात जा. टाके पडतील. अन् हात असाच राहणार असेल तर..." पुढचं 'दुसरा माणूस पाहावा लागेल' हे न बोलताच मला ऐकू आलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण बाई माझ्या नातीसारखी दिसे. तिनं सुई टोचली. मी हललो नाही. तिनं टाके बाजूला ठेवून मला खाटेवर झोपवलं अन् पायाचा अंगठा धरला.

"काका, डोळे मिटा. अंगठा वर आहे की खाली?"

"वर."

"आता?"

"वरच."

"आणि आता?"

"वर धरला ना तुम्ही. मले समजते."

"डोळे उघडा."

उघडले. बाई पायापाशी नव्हतीच. टेबलापाशी उभी राहून लिहीत होती. अंगठा कोणीच धरला नव्हता. मग मला कोणाचा हात लागत होता?

त्या खाटेवर मी पहिल्यांदा घाबरलो.

"रोज कोणती गोळी घेता?"

"गोळी नाई. गॅसची फक्त. सकाळी उपाशीपोटी."

"कधीपासून?"

"पोरीच्या लग्नापासून. तिचा पोरगा आता दहावीत आहे."

बाईनं पेन खाली ठेवला. "कोणी लिहून दिली?"

"लग्नात लई जळजळ झालती, तवा एका डॉक्टरनं. मंग मीच मेडिकलातून आणतो. गुण येते."

गुण येत होता ही गोष्ट खरी आहे. सीझनमध्ये गाड्यांची रांग लागली की ग्रेडर जेवत नाही. दिवसभर काळा चहा अन् सुपारी-तंबाखूचा खर्रा. अंधार पडल्यावर ठेच्यासंगं तीन भाकरी हाणायच्या अन् तिथंच कापसावर आडवं व्हायचं. सगळे जिनवाले असेच. छातीत आग अन् तोंडात आंबट पाणी येणारच. त्या गोळ्यांची पट्टी माझ्या बंडीच्या खिशात कायम असे. कोणी छाती चोळली की मी एक काढून देई, पेपरमिंट द्यावी तशी.

रक्ताचा रिपोर्ट आला. शुगर नव्हती. बी-ट्वेल्व्ह फारच कमी होतं. बाईनं सोपं करून सांगितलं. पोटातलं आम्ल फक्त जाळत नाही, अन्नातून हे जीवनसत्त्व सोडवून घेते. ही गोळी आम्लच कमी करते. काही आठवडे घेतली तर बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं घेतली, त्यात वय झालं, त्यात मी मटण-अंडी सोडलेली, तर नसा उपाशी राहू शकतात. सगळ्यांना होत नाही. मला झालं.

"मंग आजच फेकतो गोळी."

"फेकू नका. एकदम सोडली तर आग दुप्पट होईल. हळूहळू कमी करू. आणि कोणाच्या पोटात जखम असेल तर त्याला ती लागतेच, त्याची बंद करायला सांगू नका. गिळताना अडकतं का? काळी शौच? रक्ताची उलटी?"

"नाई."

"मग दुपारी जेवा. रात्री थोडं, आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा. खर्रा बंद."

"खर्रा नाई सुटणार."

"तर मग जळजळही नाही सुटणार."

मी भांडलो. पण खर्रा सुटला. इंजेक्शनं घेतली. गोळी कमी होत होत थांबली. काही महिन्यांनी उजव्या हाताला कापूस पुन्हा लागू लागला. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट आजही परकंच आहे. पाय डोळ्यांनी पाहूनच टाकतो. दुकानात मागितल्यानं मिळते म्हणून गोळी रोज खायची नसते. किती दिवस घ्यायची हे विचारायला शाळा लागत नाही, पण मी विचारलं नव्हतं.

हे सगळं पुढचं. रिपोर्ट मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगवर गेलो. फाटकात रांग होती. पहिला गाडीवाला ताडपत्री सोडून म्हणाला, "घाला हात, बुवा. तुमच्याच हातानं पाहा."

सगळे पाहत होते. शेठही ऑफिसातून बाहेर आले होते.

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले अन् मागच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "माह्या हाताले काही समजून नाई राह्यलं. दुसरा ग्रेडर बोलवा."