मार्थासाठी बाजूला ठेवलेली करंजी

सामूचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला, "ताई, यंदा नाताळाला ये. आई माणसांची नावं विसरायली." मी लगेच रजा टाकली. आमच्या उदगीरच्या घरी नाताळच्या सकाळी, चर्चहून आल्यावर, घरातलं सगळ्यांत मोठं माणूस प्रार्थनेत एकेकाचं नाव घेतं. ज्याचं नाव येईल त्यानं आमेन म्हणायचं, मग त्याच्या हातावर करंजी. जो आलेला नसेल त्याचं आमेन शेजारचा म्हणतो, आणि त्याची करंजी बाजूला ठेवतात. बाबा गेल्यापासून हा मान आईचा. तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं, एवढ्यासाठीच हा प्रवास.

पुण्याहून लातूरपर्यंत रेल्वे बरी. पण सुट्ट्यांत तिकीट आधीच काढा, नाहीतर हाल विचारू नका. पुढं उदगीरला एसट्या सारख्या असतात, बायकांना अर्धं तिकीट. नळेगावला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला, गरम भजी खाल्ली. कंडक्टरनं विचारलं, "सणाला माहेरी का?" मी 'हाव' म्हटलं. पुण्यात हा 'हाव' कुठं दडून बसतो कोण जाणे.

आई स्वयंपाकघरात करंज्यांना मुरड घालत होती. एकही मुरड वाकडी नाही. मला पाहून तिनं पाट सरकवला.

"बसा. तुमी कोण्या गावच्या?"

"पुण्याची," मी म्हणाले.

"माझी मार्था बी तिथंच हाय. लई काम असतंय तिला."

सामू तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. उद्या आठवेल, असं वाटत होतं. वेडी आशा, दुसरं काय.

नाताळला चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजनं छान रंगली. घरी येऊन सतरंजीवर बसलो, मी आईला खेटून. तिनं डोळे मिटले. सामूचं नाव आलं, त्याच्या बायकोचं आलं. मग ती थांबली.

"देवा, माझी मार्था यंदा आली न्हाई. तिला सुखरूप ठेव."

आईनं मला कोपरानं ढोसलं. "तिचं आमेन म्हणा की, बाई."

म्हटलं. मार्थाची करंजी बाजूच्या ताटलीत गेली.

उदगीरला गेलात तर किल्ला जरूर बघा. मी दुसऱ्या दिवशी गेले होते, पण लक्षच नव्हतं, म्हणून त्यावर काही लिहीत नाही.

निघताना आईनं डबा दिला. "एवढं माझ्या मार्थाला द्या. वाटंत खाऊ नका बरं."

"देते," म्हणाले. तिचे हात धरून 'अगं, मीच ती' म्हणायला हवं होतं. आई घाबरेल म्हणून गप्प राहिले, असं सगळ्यांना सांगते. खरं तर घाबरले होते मी. त्यावरही तिनं 'तुमी कोण' विचारलं असतं तर?

पुण्यात पोचले त्या संध्याकाळी सामूनं 'ताई हाय' म्हणत फोन आईच्या हाती दिला. फोनवर तिला माझा आवाज लगेच ओळखू आला.

"मार्था, करंज्या पोचल्या का गं?"

"पोचल्या."

"बाई चांगली हाय ती. पर सणासुदीची आपल्याकडं येऊन बसली. तिला कुनी न्हाई का गं?"

"आई हाय तिला," मी म्हणाले.

"मग तिला म्हनावं, पुढल्या नाताळाला आईकडं जा."