सहा रंगांच्या बशा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बशा धुणं. मुलीच्या सासरची माणसं दुपारी जेवून गेली होती. बायको साबण लावत होती, मी पुसत होतो.

सहा बशा, सहा रंग. तांबडी, पिवळी, हिरवी, निळी, आकाशी, दुधी. अमेरिकेच्या. तिचा शिरगावचा भाऊ बोटीवर स्वयंपाकी होता, त्याने आमच्या लग्नानंतर आणलेल्या. खोका उघडला तेव्हाच मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मेव्हण्याने सहा घरांतल्या उरलेल्या गोळा केल्या." लोक हसले. मग पाहुणे आले की तेच. तीस वर्षं.

"माझो भाव भिकारी नाय," एवढंच म्हणून ती आत जायची.

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात जमिनीच्या कागदासाठी पणजीला गेलो. साहेब जागेवर नव्हता. हात हलवत परत फिरलो, तर जुन्या सामानाच्या दुकानात तशाच बशा. त्याही एकीसारखी एक नाही.

"संच मोडलेला दिसतो," मी म्हणालो.

दुकानदार म्हातारा, तोही बोटीवरचा. "मोडलेला कसला? कारखानाच अशा काढायचा. सुट्या विकायच्या. गरिबाने आज पिवळी घ्यावी, जमेल तेव्हा निळी. रंग जुळवायचे नाहीत, हीच तिथली फॅशन. दुसऱ्या महायुद्धात तांबडी काही वर्षं बंद पडली, त्या रंगातलं युरेनियम सरकारने बाँबसाठी उचललं. पुढे सगळ्याच बंद केल्या, आता परत काढल्यात म्हणे. तुमच्याकडे तांबडी आहे? मग सांभाळा."

घरी आलो. तिने विचारलं, "काम झालां?"

"नाय."

बशांचं काही बोललो नाही. तीस वर्षं बोललेलं गिळायचं कसं? आठ दिवस गेले. आणि त्या दुपारी व्याह्यांसमोर, सगळं ठाऊक असून, मी पुन्हा तेच बोललो. जिभेला सवय. मेली सवय.

"आज तरी गप ऱ्हवचां होतां," धुताना ती म्हणाली.

सांगणार होतो. तोंडातून निघालं, "साबण राहिलाय," आणि बशी परत तिच्या हातात दिली.

दिवेलागणीला तिच्या छातीत दुखलं. गाडी येईपर्यंत आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ येऊन सोप्यावर बसला. गाव जमला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बशा चांगल्याच होत्या. त्या तशाच करतात. मी उगाच बोलायचो."

त्याने वर पाहिलं नाही. "भावोजी, आता माका सांगून काय उपेग? तिका सांगूक होयां होतां."

माणसं चितेसाठी लाकडं तोडायला निघाली होती. मी कोयता घेतला आणि त्यांच्यामागून गेलो.