तुझं काय वाईट झालं?

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या ओळीतल्या सगळ्या लेकुरवाळ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. दवाखान्यातली नर्स लाल त्रिकोणाची पिशवी खांद्याला अडकवून यायची, वय विचारायची, आणि प्रत्येकीच्या तोंडून तेवढाच आकडा निघायचा. सासवांनी तसं शिकवलेलं होतं. माझा मोठा मुलगा रांगायला लागला तेव्हा मला सतरावंसुद्धा पुरं नव्हतं. शेजारच्या क्वार्टरमधली एरंडोलची बाई तर किती वर्षं एकोणीसच होती. नर्स एकदा म्हणाली, "बरं आहे बाई, या ओळीत कुणाचं वयच वाढत नाही."

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला कंबर धरून उठावं लागायचं. यांची इंजिनावर ड्यूटी, कधी येतील कधी जातील नेम नाही. सासूबाईंना धाप लागायची. म्हणून मायने सोनगीरहून माझ्या धाकट्या बहिणीला मदतीला पाठवलं. ती चौदा वर्षांची, हडकुळी, दोन वेण्या घालणारी. आल्याबरोबर तिने नळ उघडून बघितला, बंद केला, परत उघडला. मग विजेचं बटण.

"अक्का, तू राणी शेस इथं," ती म्हणाली.

मोठ्याला कडेवर घेऊन ती दिवसभर ओळीतून फिरायची. मुलाला वरणभात भरवता भरवता अर्धा स्वतःच खायची. आणि माझी हिरवी साडी नेसून आरशापुढे उभी राहायची. मी तिला म्हटलं, "साडी काढ. धुणं पडलंय." तिला वाटलं, मला साडीची काळजी आहे; मला मात्र त्या साडीत ती नवरीसारखी दिसली होती.

दुपारी आम्ही ओट्यावर गहू निवडत बसायचो. एरंडोलची बाई बोलायला लागली की थांबायची नाही. तिचं पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यानंतरची दोन अंगणात धुळीत खेळत असायची. "लवकर झालेलं बरं," ती म्हणायची. "कोवळ्या वयात हाडं वाकतात. एकदा व्हयी गयं म्हंजे सुटनी." मी मान हलवायची. आम्ही सगळ्याच हे एकमेकींना सांगायचो, कारण दुसरं काही सांगितलं तर पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण बहीण आत पाणी प्यायला गेली तेव्हा एरंडोलची बाई खाली वाकून मला म्हणाली, "मी माझ्या पोरीला मात्र अठराच्या आत देणार नाही. बोलू नको कुणापुढे." आणि परत खडे वेचायला लागली.

बाळाच्या बारशाला आबा आले. आबा म्हणजे आमचे वडील, सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. हातोड्याने त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे. जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं की धाकटीसाठी धुळ्याचं स्थळ आलंय. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, घर आपलं आहे, येत्या वैशाखात उरकून टाकू.

खोलीत सासूबाई होत्या, हे दाराशी पान लावत बसलेले, बहीण चुलीपाशी. मी बाळाला पदराखाली घेऊन भिंतीला टेकले होते. मी म्हटलं, "आबा, दोन वर्षं थांबा."

"का बरं?"

"लहान शे ती. अजून अंगात रक्त नाही तिच्या."

आबा हसले. रागाने नाही, मायेने. "तू बी तेवढीच व्हतीस. तुनं काय वाईट व्हयनं वं पोरी? दोन लेकरं शेत. नळ शे. जावई सोन्यासारखा."

सगळे माझ्याकडे बघत होते. यांचा हात सुपारीवर थांबला. वाईट झालं म्हणावं, तर कुणामुळे झालं? यांच्यामुळे? ते तर पहिल्या बाळंतपणात मी रात्ररात्र रडायची तेव्हा स्वतः स्टोव्ह पेटवून चहा करायचे. सासूबाईंमुळे? त्या स्वतः तेराव्या वर्षी आई झालेल्या. पदराखाली जो चुटूचुटू पीत होता, त्याच्यामुळे? काहीही वाईट झालं नव्हतं. फक्त मी सातवीत वर्गात पहिली होते आणि त्यानंतर कुठेच कुणी नव्हते. हे आबांच्या उरलेल्या एका कानात कसं घालायचं?

तरी मी बोलले. "वाईट काही नाही आबा. पण मले कोनीच इचारं नही."

आबांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. सासूबाईंना गेलं. त्या उठल्या आणि बाळोत्यांच्या विनाकारण परत घड्या घालू लागल्या. हे चपला घालून बाहेर पडले. आणि चुलीजवळून माझी बहीण म्हणाली, "आबा, मना नकार नही." तिच्या डोळ्यांपुढे धुळ्याचा नळ असावा.

आठवडाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पुढे वैशाखात लग्न झालं.

पंधराव्या वर्षी ती पहिलटकरीण म्हणून सोनगीरला आली. मी दोन्ही मुलांना घेऊन गेले. सुईणीने हात टेकले तेव्हा बैलगाडीतून तिला हमरस्त्यापर्यंत नेलं आणि धुळ्याकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये घातलं. माय आणि मी दोन्ही बाजूंनी तिला धरून होतो. गचका बसला की ती माझ्या दंडात नखं रोवायची. दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. आबा बाहेर लिंबाखाली उकिडवे बसून राहिले.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. बहिणीला पुढे कितीतरी दिवस भिंत धरल्याशिवाय चालता येईना. पण आबा गावात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "दोन्ही पोरींचं बठ्ठं चांगलं व्हयनं. देवाची कृपा." ऐकताना मला कळलं, ती मेली असती तर कदाचित कुणी थांबलं असतं. ती जगली, म्हणून आता आम्ही दोघी मिळून पुरावा झालो होतो.

महिन्याभराने गल्लीतली एक मुलगी आमच्याकडे आली. नुकताच चौथा-पाचवा महिना लागलेला, वय बहिणीएवढंच. मायपुढे बोलायची लाज म्हणून ती बहिणीच्या कानाशी लागली. "लई दुखस का वं?"

मी बहिणीकडे बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, काही नाही, सगळ्यांचंच होतं. ती म्हणाली, "मले वाटनं मी मरी जासू."

मुलगी पांढरी पडली, मग हमसून रडायला लागली. माय आतून धावत आली. "अक्कल शे का तुले? आता तिनं काय करावं? परत फिरता येस का तिले?"

खरंच होतं ते. आधी सांगावं तर घराचा अपमान, नंतर सांगावं तर पोरीचा जीव घाबरा. मधे सांगायला जागाच कुठे होती?

बहीण भिंतीला धरून उठली, त्या मुलीचा हात धरून तिला आपल्या बाजेवर बसवलं, आणि बाळंतिणीसाठी केलेला डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. "खाय," म्हणाली. "पोट दुखू लागताच मले बलाव. सुईणीना आधी."

मुलीने लाडू खाल्ला. तिचं बाळंतपण आलं तेव्हा बहीण सासरी परतली होती, आणि सासरचे तिला धुळ्याहून सोडेनात. मुलगी सुखरूप सुटली, असं मायकडून नंतर कळलं. बहिणीला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते.